आधी पाड्यावर या, मग प्रपोजल लिहा

प्रति,
राज्यातील विद्यापीठांचे व वैद्यकीय महाविद्यालयांचे संशोधन विभाग, इथिक्स कमिट्यांचे सदस्य आणि पीएच.डी.चे मार्गदर्शक यांस

सप्रेम नमस्कार.

आपल्याकडून दरवर्षी संशोधक धडगाव, धारणी, जव्हार, एटापल्ली अशा आदिवासी भागांकडे निघतात. सोबत प्रश्नावली असते, संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या इथिक्स कमिटीचं मंजुरीपत्र असतं, संमतिपत्राच्या झेरॉक्स असतात आणि शाईचा पॅडही असतो. कागदांत खोट काढायला जागा नसते. खोट क्रमात आहे. विषय ठरला, प्रश्न ठरले, रक्त किती घ्यायचं ते ठरलं, तारखा ठरल्या आणि मग पहिल्यांदा गाव आलं. तोवर गावाने ठरवावं असं काही उरलेलंच नसतं. उरतो तो अंगठा.

हे पत्र लिहिणाऱ्यांपैकी कुणी आदिवासी भागात मुलाखती घेतं, कुणी दुभाष्याचं काम करतं, कुणी नमुने गोळा करतं, कुणी डेटा लावतं. आमची मुख्य मागणी एकच आहे: कमिटीची मंजुरी दोन टप्प्यांत द्या.

पहिला टप्पा फक्त गावात जाऊन बोलण्याचा. त्यासाठी दोन पानांचं टिपण पुरे: कोणत्या भागात जायचं आहे, ढोबळ विषय काय, कोण जाणार, पैसा कुणाचा. या टप्प्यात माहिती गोळा करायची नाही, फोटो काढायचे नाहीत, नावं लिहून घ्यायची नाहीत. अशा टिपणाला पूर्ण कमिटीची बैठक लागत नाही; सदस्य-सचिवांनी पंधरा दिवसांत निकालात काढावं. मग सहा ते आठ आठवडे गावासाठी. दुसऱ्या टप्प्यात पूर्ण प्रपोजल यावं आणि त्याला एक जादा पान जोडलेलं असावं: ‘गावाने काय बदललं’. कोणता प्रश्न गाळला, कोणता घातला, कोणत्या महिन्यात येऊ नका म्हणाले, निकाल कसा सांगा म्हणाले. हे पान कोरं आलं तर कमिटीने संशोधकाला बोलावून कारण विचारावं. लोकांना सगळंच पटलं असं उत्तर आलं, तर बहुधा त्यांना नीट विचारलेलंच नसतं.

नियम नाहीत अशी तक्रार आम्ही करत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं या बाबतीत बरीच स्पष्ट आहेत. आदिवासींवर संशोधन करायचं तर ते त्यांच्याच उपचाराच्या, निदानाच्या किंवा प्रतिबंधाच्या कामाचं हवं. आदिवासी भागात शिरण्याआधी जिल्हाधिकारी किंवा आदिवासी कल्याण आयुक्तांसारख्या सक्षम अधिकाऱ्यांची मान्यता हवी. संमती घेताना समाजातली वडीलधारी माणसं, स्थानिक बोली जाणणारे आणि साक्षीदार हवेत. गावाच्या प्रमुखाने होकार दिला तरी प्रत्येक व्यक्तीची संमती वेगळी घ्यायची. विशेष असुरक्षित आदिवासी गटांतली मुलं, गरोदर बाया आणि म्हातारी माणसं संशोधनात ओढली जाऊ नयेत म्हणून जास्तीची काळजी घ्यायची. महाराष्ट्रात असे तीन गट आहेत: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड.

प्रत्यक्षात होतं असं की जिल्हाधिकाऱ्यांचं किंवा आदिवासी विकास खात्याच्या प्रकल्प कार्यालयाचं पत्र मिळालं की तेच गावाचंही ‘हो’ समजलं जातं. ते पत्र म्हणजे रस्ता मोकळा असल्याचा कागद. घरात घ्यायचं की नाही, हे घरातली माणसं ठरवतात.

सरपंचाच्या सहीचंही तसंच. एका ग्रामपंचायतीखाली पाच-सात पाडे असतात आणि पंचायतीचं ऑफिस ज्या गावठाणात असतं तिथे कधी कधी आदिवासी घरं मोजकीच असतात. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६च्या पेसा कायद्यात ‘संशोधन’ हा शब्द नाही. पण कलम ४(डी) प्रमाणे लोकांच्या प्रथा-परंपरा, सांस्कृतिक ओळख आणि सामूहिक संसाधनं जपायला ग्रामसभा सक्षम आहे, आणि ही ग्रामसभा वस्ती-पाड्याचीही असू शकते. २००६च्या वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(के) जैवविविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समाजाचा सामूहिक हक्क मानतं. एवढा आधार पुरेसा आहे. तेव्हा आपल्या फॉर्मात ‘सरपंचाचे ना-हरकत पत्र’ असा रकाना असेल तर तो खोडून ‘पाड्याच्या सभेचा ठराव, तारीख, हजर बायकांची व पुरुषांची संख्या’ असा करावा.

सभा कशी होते, याबद्दल थोडं सविस्तर. ती दिवसा ठेवली तर येतात ती रिकामी माणसं आणि पुढारी. जेवणं उरकल्यावर, रात्री आठ-साडेआठला खरी सभा भरते. बाया मागे बसतात आणि पुरुषांसमोर फारसं बोलत नाहीत. त्यांची बैठक वेगळी घ्यावी, आणि ती बाईनेच घ्यावी. वनरक्षक, आश्रमशाळेचे शिक्षक, ग्रामसेवक यांना त्या वेळी बसवून घेऊ नका. आशाताई किंवा अंगणवाडीताई संशोधकाला घेऊन आल्या की लोक धरून चालतात की ही सरकारी योजना आहे आणि नाही म्हटलं तर रेशन जाईल. म्हणून पहिल्या पाच मिनिटांत, त्यांच्या बोलीत, मोठ्याने सांगायचं: यात भाग घेतला नाही तर रेशन, घरकुल, वनपट्टा, दवाखाना कशालाही धक्का नाही; आणि भाग घेतला म्हणून यातलं काही मिळणारही नाही. दुसरं वाक्य बोलायला जड जातं, म्हणून ते हमखास गाळलं जातं.

आणखी एक. ‘संशोधन’ हा शब्द पाड्यावर पोचेपर्यंत ‘सर्वे’ होतो. सर्वे म्हणजे जमिनीची मोजणी, धरणाची आखणी, वनदाव्याची तपासणी. किती एकर कसता हा साधा प्रश्न तिथे साधा राहत नाही. लोक जमीन कमी सांगतात, कधी जास्त सांगतात, आणि आपल्या तक्त्यात ते सरासरी म्हणून छापून येतं.

नकार ओळखायला शिकवा. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणायची रीत बऱ्याच ठिकाणी नाही. ‘बघू’, ‘पुढच्या बैठकीत बोलू’, ‘पाटलाला विचारा’, आणि सर्वेच्या दिवशी अख्खा पाडा रानात गेलेला असणं, हे सगळे नकारच आहेत. विचारणं आणि उत्तर घेणं यांत निदान सात दिवसांचं अंतर ठेवा. मधली एक बैठक संशोधकाशिवाय होऊ द्या. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि गावाचे अभ्यासगट एकेका विषयाची आधी चर्चा करतात. अशा गावाला एका संध्याकाळी उत्तर मागणं हा नुसता उद्धटपणा आहे. आणि गाव हो म्हणालं तरी कुणा एकाचा नकार हा त्याचा खासगी नकार राहिला पाहिजे; कोण नाही म्हणालं याची यादी सभेला देऊ नये. गावच नाही म्हणालं तर मात्र घरोघर जाऊन होकार गोळा करत फिरायचं नाही.

कोणत्या महिन्यात जायचं, हे आपण सेमिस्टरवरून ठरवता. परीक्षा संपल्या की डिसेंबर ते फेब्रुवारी फील्डवर्क. त्याच काळात कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर असतात. दिवाळीनंतर गेलेली, पावसाच्या तोंडावर परतणारी. नंदुरबारकडची माणसं ऊसतोडीला गेलेली असतात. मेळघाटातून कामाला बाहेर पडलेले कोरकू होळीला घरी येतात. म्हणजे जानेवारीत वाडीवर सापडतात ते म्हातारे, काही लहान मुलं आणि ज्यांना काही कारणाने जाता आलं नाही ती कुटुंबं. या नमुन्यावर काढलेलं कुपोषणाचं किंवा रक्तक्षयाचं प्रमाण त्या वाडीचं नसतं. इथे नीती आणि शास्त्र या दोन वेगळ्या गोष्टी राहत नाहीत. गावाला विचारलं असतं तर नमुनाही बरोबर आला असता. मार्च-एप्रिलला पहाट मोहफुलं वेचण्याची, एप्रिल-मेला तेंदूपानाची, जून-जुलैला लावणीची. लावणी आणि कापणीच्या मधला काळ बऱ्याच ठिकाणी सोयीचा, पण भामरागडला त्या दिवसांत पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ताच बंद. एकच वेळापत्रक सगळीकडे चालत नाही.

भाषेचं काम संमतिपत्र मराठीत करून संपत नाही. माडिया, गोंडी आणि कोलामी या द्राविडी कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली. मराठी शब्दाला भिली किंवा वारली शेपूट जोडून काम भागल्यासारखं वाटतं. इथे तेवढंही होत नाही. पानभर लिहिण्याऐवजी पाच मिनिटांचं ध्वनिमुद्रण करा. एकाने बोलीत सांगावं, ज्याने मूळ मजकूर पाहिलेला नाही अशा दुसऱ्याने ते ऐकून मराठीत परत सांगावं, आणि दोन्ही ताडून पाहावं. ‘जोखीम’, ‘गोपनीय’, ‘स्वेच्छेने’ हे शब्द इथे गळतात. ‘गोपनीय’चं ‘लपवून ठेवणार’ झालं की लोक घाबरतात. ‘तुमचं नाव कुणाला सांगणार नाही’ असं सरळ म्हणावं. संमती घेणाऱ्याने शेवटी सही मागण्याआधी विचारावं: आता तुम्ही मला सांगा, आम्ही काय करणार आहोत? उत्तर आलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून. दुभाषा त्याच पाड्यातला असेल तर गर्भपात, दारू, मारहाण यांबद्दल त्याच्यासमोर कुणी बोलणार नाही. त्या विषयांना शेजारच्या पाड्यावरची, तीच बोली बोलणारी बाई घ्या. आणि तिचं नाव आभाराच्या शेवटच्या ओळीत ढकलू नका. ज्याच्यावाचून एक वाक्यही कळलं नसतं तो सहलेखक असतो.

आता रक्ताबद्दल. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची राष्ट्रीय निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ला सुरू झाल्यापासून तपासण्या वाढल्या आहेत आणि प्रबंधही वाढतील. इथे चूक झाली तर ती कुणाच्या तरी लग्नावर जाऊन आदळते. पहिली, सोल्युबिलिटी चाचणी फक्त एवढंच सांगते की रक्तात सिकलसेलचं एस हिमोग्लोबिन आहे. माणूस वाहक आहे की रुग्ण, हे कळायला इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली पक्की चाचणी लागते. सहा महिन्यांखालच्या बाळात, फार तीव्र रक्तक्षयात आणि नुकतंच रक्त चढवलेल्या माणसात सोल्युबिलिटी चाचणी फसू शकते. तरीही शाळेच्या पडवीत चाचणी होते, ‘पॉझिटिव्ह’ मुलांची नावं त्याच दिवशी वाचली जातात, आणि वाहक मुलगी, जिला कोणताही आजार नाही, गावभर रोगी ठरते. सोयरिकी मोडतात, आणि बहुतेक वेळा मुलीच्याच मोडतात.

म्हणून पक्क्या चाचणीची सोय नसेल तर पहिली चाचणी करूच नका. निकाल ज्याचा त्याला, समोर बसून, बंद पाकिटात. सांगणाऱ्याला बोली यायला हवी आणि ही चार वाक्यं पाठ हवीत: वाहक आजारी नसतो. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक. हे आईकडूनही येतं आणि बापाकडूनही. रुग्णाला औषध आहे आणि ते अमुक दवाखान्यात मिळतं. त्या दवाखान्यात हायड्रॉक्सियुरिया हे औषध खरंच आहे का, हे आधी जाऊन बघा. रक्त काढताना नळी दाखवा. दोन मिली म्हणजे चहाच्या चमच्याच्या निम्म्याहूनही कमी. न सांगता काढलेल्या दोन मिलीची अफवा संध्याकाळपर्यंत बाटलीभर होते.

उरलेल्या रक्ताचं काय, हा प्रश्न फॉर्मात स्वतंत्र हवा. अमेरिकेत अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीने १९९०पासून हवासुपाई या मूलनिवासी लोकांचं रक्त मधुमेहाच्या अभ्यासासाठी म्हणून घेतलं. पुढे तेच नमुने स्किझोफ्रेनिया, आप्तविवाह आणि स्थलांतराच्या अभ्यासांना वापरले गेले. ग्रँड कॅन्यनमध्येच आपला उगम झाला अशी त्या लोकांची श्रद्धा. त्यांच्याच रक्ताने ती खोडून काढली जात होती, आणि त्यांना पत्ता नव्हता. २०१०मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. आपल्या फॉर्मात ‘व भविष्यातील संशोधनासाठी’ हे तीन शब्द बहुधा शेवटच्या ओळीत असतात. ते काढा. त्याऐवजी तीन वेगळे होकार घ्या: या अभ्यासासाठी, याच आजाराच्या पुढच्या अभ्यासासाठी, दुसऱ्या कशासाठी करायचं झालं तर पुन्हा विचारायला यायचं का. आणि नमुना कोणत्या तारखेला नष्ट करणार ते लिहा.

आश्रमशाळा हा आपला आवडता नमुना. चारशे मुलं एका छपराखाली, वजन-उंची दोन दिवसांत उरकते. पण अधीक्षक किंवा मुख्याध्यापक हे पालक नव्हेत. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात २००९मध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धच्या एचपीव्ही लसीच्या प्रात्यक्षिक अभ्यासात नेमकं हेच घडलं. वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या संमतिपत्रांवर वॉर्डननी सह्या केल्या. चौकशीत ९,५४३ फॉर्मांपैकी २,७६३ वॉर्डनच्या सह्यांचे आणि १,९४८ अंगठ्याचे निघाले. एप्रिल २०१०मध्ये अभ्यास थांबवावा लागला आणि २०१३मध्ये संसदेच्या स्थायी समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असा आमचा दावा नाही. एका चांगल्या लसीवरचा विश्वास मात्र त्या सह्यांमुळे उडाला. उपाय सोपा आहे, फक्त सवडीचा आहे: मुलं दिवाळीच्या सुट्टीत घरी जातात, तेव्हा पाड्यावर जाऊन पालकांशी बोला. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि बारा ते अठराच्या मुलाचा लेखी होकार वेगळा. वर्गशिक्षक दारात उभे असताना कुठलंही मूल नाही म्हणणार नाही, तेव्हा त्यांना चहाला पाठवा.

वनस्पतींच्या अभ्यासात दुखापत दिसत नाही, म्हणून तिकडे कमिटी बघतही नाही. भगताने पाला दाखवला, विद्यार्थ्याने तो वाळवून, कागदावर चिकटवून हर्बेरियमची शीट केली, निबंधात स्थानिक नाव, रोग, मात्रा, सापडण्याची जागा असं सगळं छापलं. छापून आलं की एक फायदा होतो: पुढे कुणी त्यावर पेटंट मागितलं तर आधीच माहीत असल्याचा पुरावा तयार असतो. तोटा असा की माहिती सर्वांना फुकट मिळते आणि देणाऱ्याच्या हातात सौदा करायला काही राहत नाही. या दोन्ही बाजू आधी सांगायच्या आणि ठरवू द्यायचं. काही गोष्टी छापायच्याच नाहीत असंही ठरेल. मुळासकट उपटल्या जाणाऱ्या वनस्पतीची नेमकी जागा तर कधीच छापू नये, सफेद मुसळीसारख्या कंदांचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. गावाची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदावर असेल तर तिला जागं करा. लोकजैवविविधता नोंदवहीची एक प्रत गावात आहे का, तेही बघा.

केरळच्या काणी लोकांचा दाखला इथे नेहमी यशोगाथा म्हणून दिला जातो. १९८७मध्ये अगस्त्य डोंगरात काणी वाटाड्यांनी शास्त्रज्ञांना थकवा घालवणारं ‘आरोग्यपच्चा’चं फळ दाखवलं. त्यापासून ‘जीवनी’ नावाचं औषध झालं, १९९५मध्ये कोइमतूरच्या एका कंपनीला दहा लाख रुपये आणि दोन टक्के रॉयल्टीवर परवाना दिला गेला, आणि त्यातला अर्धा वाटा काणींना द्यायचं ठरलं. चांगलंच झालं. पण पैसे घ्यायला काणींचा ट्रस्ट स्थापन झाला १९९७मध्ये, म्हणजे परवान्यानंतर दोन वर्षांनी. करार होताना समाज टेबलाशी नव्हता. दुसऱ्या भागातल्या काणींनी आक्षेप घेतला, पाला गोळा करण्यावर वनखात्याने हरकत घेतली, आणि अमेरिकेत ‘जीवनी’ या नावाचा ट्रेडमार्क भलत्याच कंपनीने घेतला. वाटा ठरवताना कुणाकुणाला बोलवायचं, हे पैसा येण्याआधी ठरवावं लागतं.

डेटाबद्दल थोडक्यात. चाळीस घरांच्या पाड्यात ‘३४ वर्षांची विधवा, अंगणवाडीत काम’ एवढं लिहिलं की नाव लिहिल्यासारखंच आहे. तक्त्यात पाचपेक्षा कमी माणसांचा रकाना असेल तर तो शेजारच्यात मिळवा, जीपीएस उघड करू नका, आणि बाईच्या गोंदणाचा फोटो अहवालाच्या मुखपृष्ठावर घालण्याआधी तिला ते मुखपृष्ठ दाखवा. व्यक्तीचं नाव झाकलं तरी समाजाचं नाव उघडं राहतं. ‘अमुक जमातीत व्यसनाचं प्रमाण’ हे शीर्षक त्या जमातीतल्या प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतं, ज्यांना विचारलं त्यांच्याही आणि ज्यांना विचारलं नाही त्यांच्याही. दक्षिण आफ्रिकेतल्या सान या मूलनिवासी लोकांनी २०१७मध्ये संशोधकांसाठी स्वतःची आचारसंहिता लिहिली, त्यामागे असाच अनुभव होता. छापण्याआधी मसुदा गावाला ऐकवावा. निष्कर्ष बदलण्याचा हक्क गावाला नसेल, पण आपलं वेगळं मत त्याच निबंधात छापून घेण्याचा असावा.

हे जमतं. गडचिरोलीत ‘सर्च’ या संस्थेच्या नवजात बालकांच्या अभ्यासात, १९९३पासून ३९ गावांत, गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायांनी बाळांची वजनं केली, नोंदी ठेवल्या, उपचार केले. १९९९मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला होता. ही सगळी गावं आदिवासी नाहीत, आणि एखाद्या पीएच.डी.ला एवढा काळ मिळतही नाही. पण मोजणारा हात गावाचा असला तर मोजणी कच्ची होते, ही समजूत तरी आता सोडायला हरकत नाही.

पैशांशिवाय यातलं काही होणार नाही. बजेटच्या तक्त्यात प्रवास, किट्स, टायपिंग असतं. परत जाण्याचा खर्च नसतो. दहा ते पंधरा टक्के रक्कम सुरुवातीच्या बैठका, दुभाष्याचे दिवस, ध्वनिमुद्रण आणि निकाल सांगायची फेरी यांसाठी बाजूला काढा आणि ती दुसरीकडे वळवू देऊ नका. ज्याचा दिवस मोडला त्याला निदान रोहयोच्या दराने मजुरी द्या, सगळ्यांना सारखी, सभेत आधी सांगून. बिस्किटाचे पुडे वाटून फोटो काढू नका. प्रबंध सादर करताना गावाला निकाल सांगितल्याची तारीख आणि सभेची नोंद जोडल्याशिवाय तोंडी परीक्षा लावू नये, एवढा एक नियम विद्यापीठाने केला तरी निम्मं काम होईल.

दोन टप्प्यांचा फॉर्म तयार व्हायला वेळ लागेल, हे आम्ही जाणतो. तोवर एक काम आजच सुरू करता येईल. आपल्या विभागांच्या कपाटांत जुन्या कॅसेट आहेत, डीप फ्रीझरमध्ये नळ्या आहेत, हर्बेरियममध्ये शीट आहेत, आणि हे सगळं देणाऱ्या माणसांना ते कुठे गेलं हे माहीत नाही. कुठलं, कधी घेतलेलं, किती, आता कुठल्या खोलीत, एवढ्या चार रकान्यांची यादी करा आणि प्रकल्प कार्यालयांमार्फत ग्रामसभांना पाठवा. सुरुवात फ्रीझरपासून करा, कारण तिथल्या चिठ्ठ्यांची शाई आधी पुसली जाते. यादी मराठीत असावी आणि ती गावांच्या नावांनी लावलेली असावी.

आपले,
आदिवासी भागात मुलाखती, दुभाषेगिरी, नमुने आणि नोंदी यांचं काम करणारे काही जण